चार दिवस मुतखडा, पाचव्या दिवशी अपेंडिक्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय २६. उजव्या कमरेत दुखायला लागलं, एकदा उलटी झाली. लघवीच्या तपासणीत लाल पेशी आणि थोड्या पूपेशी. सोनोग्राफीत 'खडा दिसत नाही, पडून गेला असावा' असा शेरा. चार दिवस मुतखड्याची औषधं चालली. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पोट फुगलं आणि ऑपरेशनमध्ये निघालं फुटलेलं अपेंडिक्स. तुम्ही विचारता, पोटात उजवीकडे खाली दुखलंच नाही तर अपेंडिक्स कसं? आणि हे आधी कळायला हवं होतं का?

मी तालुक्याच्या गावी २८ वर्षं सर्जरी करतो आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीएवढी बंद नळी. तिचं बूड बहुतेकांमध्ये ठरल्या जागी असतं. टोक मात्र मोकळं. खुंट्याला बांधलेलं वासरू जसं कुठेही तोंड करून बसतं, तसं हे टोक कुणाच्या पोटात आतड्याच्या मागे दडलेलं असतं, कुणाच्या ओटीपोटात खाली उतरलेलं, क्वचित वर यकृताखाली गेलेलं. पुस्तकातलं चित्र आणि माणसाचं पोट जुळलंच पाहिजे असा नियम नाही.

आता दुखणं कसं सुरू होतं ते पाहा. नळीचं तोंड बंद झालं की ती आतून फुगते. त्या ताणाची जाणीव नेणाऱ्या नसा बेंबीभोवतीच्या भागाशी जोडलेल्या असतात, म्हणून पहिले काही तास दुखणं बेंबीपाशी किंवा त्याच्या थोडं वर असतं, तेही मोघम. रुग्ण तळहात फिरवून दाखवतो, बोट ठेवून दाखवत नाही. पुढे सूज नळीच्या बाहेर आली की ती ज्याला टेकते, ते दुखायला लागतं. टोक पोटाच्या पुढच्या भिंतीला टेकलं असेल तर दुखणं उजवीकडे खाली उतरतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली दाखवलेला तो प्रसिद्ध बिंदू हाच: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाताना साधारण एक तृतीयांश अंतरावर. पण टोक आतड्याच्या मागे असेल, तर पोटाची भिंत आणि अपेंडिक्स यांच्या मध्ये हवेने भरलेलं आतडं उशीसारखं येतं. पुढून दाबलं तर फारसं काही कळत नाही. सूज मागे कमरेच्या स्नायूला टेकते आणि शेजारून जाणाऱ्या मूत्रनलिकेलाही चाटून जाते. म्हणून कमर दुखते आणि म्हणूनच लघवीत पेशी दिसतात. तुमच्या भावाचं बहुधा हेच झालं. त्याची लक्षणं विचित्र नव्हती, अपेंडिक्सचा पत्ता वेगळा होता इतकंच.

जाता जाता एक गंमत सांगतो. अपेंडिक्स काढल्याची इतिहासात नोंदलेली पहिली शस्त्रक्रिया १७३५ सालची, लंडनची. क्लॉडियस अम्यांड यांनी अकरा वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला, तर हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स बसलेलं, आणि त्यात गिळलेली टाचणी रुतून भोक पडलेलं. म्हणजे सुरुवातच भलत्या जागच्या अपेंडिक्सने झाली. आजही जांघेतला हर्निया अचानक लाल होऊन दुखायला लागला, तर आत काय असेल याची खात्री चिरा देईपर्यंत देता येत नाही.

मग ओळखायचं कशावरून? माझा भर दुखण्याच्या जागेपेक्षा घटनांच्या क्रमावर असतो. आधी दुखणं, मग अन्नावरची वासना जाणं, मग मळमळ-उलटी, मग बारीक ताप. अपेंडिक्स कुठेही असलं तरी हा क्रम बऱ्यापैकी टिकतो. आधी सपाटून उलट्या-जुलाब आणि नंतर पोटात मुरडा आला, तर गॅस्ट्रोची शक्यता जास्त. आधी हुडहुडी भरून १०३ ताप आणि मागून पोटदुखी, तर मी दुसरीकडे शोधायला लागतो. म्हणून 'काय काय होतंय' असं न विचारता मी विचारतो, 'परवा रात्री जेवलात का? कुठवर बरं होतं? पहिल्यांदा काय झालं?' नातेवाईक कंटाळतात, पण अर्धं निदान तिथे होतं. जेवणाचा प्रश्न विशेष कामाचा. पोट दुखतंय म्हणणारा पोरगा मिसळ मागत असेल तर मी जरा निर्धास्त होतो. निर्धास्त, बेफिकीर नाही. थोडे रुग्ण भूक शाबूत असतानाही फसवतात.

तुमच्या भावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहता आली असती. मुतखड्याचा माणूस एका जागी बसत नाही. गडाबडा लोळतो, उठतो, येरझारा घालतो, कळ येते आणि जाते. अपेंडिक्सवाला उजवा पाय किंचित दुमडून गपगुमान पडून राहतो. हललं की दुखतं हे त्याला कळलेलं असतं. कुशीवर डावीकडे वळवून उजवी मांडी मागे ताणली आणि तो कळवळला, तर कमरेच्या स्नायूला सूज टेकली आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कमरेत दुखणाऱ्या प्रत्येकाची व्हायला हवी. होत नाही, कारण लघवीच्या रिपोर्टमध्ये पेशी दिसल्या की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. निदान मिळालं!

आमच्याकडचे रस्ते या कामी फार मदत करतात. 'येताना गतिरोधकावर, खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा पोटात कळ आली का?' हे मी हमखास विचारतो. हा माझा शोध नव्हे. इंग्लंडमध्ये याचा रीतसर अभ्यास झाला आणि २०१२ साली छापून आला. ज्यांचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं निघालं आणि जे गतिरोधकांवरून गेले होते, अशा ३४ जणांपैकी ३३ जणांना गाडी उडाल्यावर जास्त दुखलं होतं. पण उलट बाजूही लक्षात ठेवा. अपेंडिक्स नसलेल्या बऱ्याच जणांनाही दुखलं होतं. म्हणजे हा प्रश्न 'आहे' म्हणायला कच्चा, 'नसावं' म्हणायला बरा.

टोक ओटीपोटात उतरलेलं असेल तर गोंधळ वेगळा. तिथे ते मूत्राशयाला आणि गुदाशयाला टेकतं. सारखी लघवी लागते, सारखं शौचाला झाल्यासारखं वाटतं, गेलं की चमचाभर आव पडते. घरचे म्हणतात 'जुलाब होताहेत', डॉक्टर लिहितात 'गॅस्ट्रो'. जुलाब किती वेळा यापेक्षा किती पडतं ते विचारा. गॅस्ट्रोत पाण्यासारखे भरपूर होतात. इथे थोडं थोडं, कुंथून. पोट पुढून मऊच लागतं, कारण आग भिंतीपासून लांब, तळघरात लागलेली असते. इथे गुदद्वारातून बोटाने तपासणं मदतीला येतं, आणि संकोचापोटी नेमकं तेच टाळलं जातं. रुग्णाच्या आणि डॉक्टरच्याही.

लहान मुलांबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथे नुकसान जास्त. पाच वर्षांखालचं मूल क्रम सांगू शकत नाही. 'पोट दुखतंय' एवढंच म्हणतं, आणि बोट नेहमी बेंबीवर. त्यातून मोठ्यांच्या पोटात सुजलेल्या जागेला गुंडाळून घेणारा चरबीचा पडदा या वयात आखूड आणि पातळ असतो, त्यामुळे फुटलं की पू पोटभर पसरतो. या वयात निदान होईपर्यंत फुटलेलं असणं ही नवलाची गोष्ट नाही. मी मुलाला टेबलावर झोपवण्याआधी दारातून चालत येताना पाहतो. उजवीकडे वाकून, पाय जपून टाकतंय का? मग म्हणतो, एका पायावर उडी मारून दाखव. जे मूल खिदळत उड्या मारतं त्याचं पोट बहुधा ठीक असतं. जे एक उडी मारून पोट धरतं त्याला मी घरी पाठवत नाही. शिवाय दोन गोष्टी न विसरता बघायच्या: श्वासाचा वेग, कारण उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया मुलांमध्ये पोटदुखी होऊन येतो, आणि मुलगा असेल तर चड्डी उतरवून वृषण, कारण त्याला पीळ पडला असला तरी लाजेने मुलगा पोटच दाखवतो. पिळाच्या बाबतीत हातात काही तासच असतात.

म्हाताऱ्यांची गोष्ट सांगताना मला माझी चूक सांगावी लागेल. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी, मधुमेह जुना. तक्रार काय, तर 'पोट गच्च झालंय, वारा सरत नाही'. ताप नाही. पांढऱ्या पेशी नऊ हजार. पोट थोडं फुगलेलं, दाबल्यावर 'हां, जरा दुखतंय' एवढंच. मी आतड्याची हालचाल मंदावली आहे असं धरून सलाईन लावलं, नाकातून नळी घातली आणि दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅन केला तेव्हा अपेंडिक्स फुटून पू साचलेला होता. ते वाचले, पण दीड महिना गेला. तेव्हापासून माझा नियम आहे: साठीपुढच्या पोटदुखीला ताप नाही, पेशी वाढलेल्या नाहीत, पोट कडक नाही, या तिन्ही 'नाहीं'ची किंमत निम्मी धरायची. वयाने पोटाचे स्नायू पातळ होतात आणि प्रतिकाराची प्रतिक्रियाच मंद होते. मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर आणखीच. आणि चाळिशीनंतर अपेंडिक्स सुजलं तर त्याच्या तोंडाशी मोठ्या आतड्याचा कर्करोग तर बसलेला नाही ना, हे बघायचं. अपेंडिक्सभोवती सुजेची गाठ धरली असेल तर ती शमल्यावर दुर्बीण घालून आतडं तपासून घ्यावं.

गरोदर बाईत मळमळ-उलटीला कुणी किंमत देत नाही, पांढऱ्या पेशी तर गरोदरपणात एरवीही वाढलेल्या असतात. गर्भाशय वाढतं तसं अपेंडिक्स वर सरकतं असं आम्ही शिकलो. ते काही प्रमाणात खरं आहे, पण बहुतेकींना तरीही उजवीकडे खालीच दुखतं. वाढलेलं गर्भाशय पोटाची भिंत सुजेपासून दूर उचलून धरतं, म्हणून पोट कडक लागत नाही. इथे आधी सोनोग्राफी, तिने नाही भागलं तर एमआरआय. ऑपरेशनने बाळाला धोका होईल म्हणून घरचे थांबा म्हणतात. खरा धोका अपेंडिक्स फुटण्यात आहे. न फुटलेलं अपेंडिक्स काढण्यात त्याच्या मानाने पुष्कळ कमी.

डावीकडे दुखणारं अपेंडिक्स अगदी क्वचित. कधी लांब टोक पलीकडे गेलेलं असतं, कधी जन्मतः आतड्याची फिरकी अपुरी राहिलेली असते, कधी सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे. स्टेथोस्कोप लावल्यावर हृदय उजवीकडे ऐकू आलं की उलगडा होतो.

आता याच्या उलट बाजू. उजवीकडे दुखतं ते सगळं अपेंडिक्स नसतं, आणि आपल्या भागातले तोतये परदेशी पुस्तकांत कमी भेटतात. पावसाळ्यात डेंग्यू पोटदुखी होऊन येतो. पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी चार हजारांखाली दिसल्या तर सुरी खाली ठेवा आणि प्लेटलेट्स बघा. टायफॉइडचंही तसंच, पेशी वाढत नाहीत. महिनोन्‌महिने येऊनजाऊन दुखणं, संध्याकाळचा कणकणता ताप आणि वजन उतरणं असेल तर आतड्याचा क्षय आठवायचा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा झटका हुबेहूब सर्जरीच्या पोटासारखा दिसतो. मधुमेहात शरीरात आम्ल साचलं की पोट दुखतं, उलट्या होतात, आणि ग्लुकोमीटरची एक पट्टी वापरली की ऑपरेशन टळतं. सगळ्यात भयंकर तोतया मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळा आणि उलटी, दंशाची खूण सापडत नाही कारण दात सुईसारखे. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येतायत का, हे ज्याने पाहिलं नाही त्याने पोट तपासून काय उपयोग?

वयात आलेल्या प्रत्येक मुलीची आणि बाईची गरोदरपणाची लघवीची चाचणी मी करतोच, लग्न झालेलं असो वा नसो. गर्भनलिकेतला गर्भ फुटला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. पाळीबद्दल विचारायचं तेव्हा आईला 'जरा केसपेपर काढून आणता का' म्हणून बाहेर पाठवतो. आईसमोर मिळालेलं उत्तर मी धरत नाही.

तपासण्यांविषयी दोन गोष्टी. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक 'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणतात. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सुजलेलं अपेंडिक्स दिसलं, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आणि दाबल्यावर चपटं होत नाही, तर निदान पक्कं. संपूर्ण अपेंडिक्स टोकापर्यंत दिसलं आणि ते बारीक आहे, तरच नॉर्मल. दिसलंच नाही, तर आपण होतो तिथेच आहोत. आतड्यामागचं अपेंडिक्स हवेच्या आड असल्याने सोनोग्राफीत नेमकं तेच निसटतं. सीटी स्कॅन यात बराच भरवशाचा आहे. किरणांचा आणि खर्चाचा विचार करून मी तो सरसकट सांगत नाही, पण कमरेत दुखतंय, खडा दिसत नाही आणि दोन दिवसांत उतार नाही, अशा माणसाला मात्र जरूर सांगतो.

दुसरी गोष्ट गुणांची. १९८६ सालापासून अल्वाराडो नावाचा दहा गुणांचा हिशेब वापरतात. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं आणि पांढऱ्या पेशी वाढणं यांना प्रत्येकी दोन, बाकीच्या सहा गोष्टींना एकेक. सात किंवा जास्त आले तर अपेंडिक्सची दाट शक्यता, चार किंवा कमी आले तर शक्यता कमी. साध्या रुग्णांत हे उपयोगी आहे. पण तुमच्या भावाला पहिल्या दिवशी मी गुण दिले असते तर उलटीचा एक, भूक गेली असेल तर आणखी एक. जास्तीत जास्त दोन-तीन. ज्या दुखण्यावर दोन गुण ठेवलेत तेच त्याच्या पोटात दडलेलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पहिल्या दिवशी चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. कमरेत कळ, लघवीत लाल पेशी, तरुण पुरुष. त्या संध्याकाळी मीही कदाचित मुतखडाच लिहिला असता. दुखण्याचं इंजेक्शन दिलं म्हणून निदान झाकलं गेलं, असंही मी म्हणणार नाही. पूर्वी आम्हाला निदान होईपर्यंत दुखणं थांबवू नका असं शिकवत. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की वेदनाशामक दिल्याने निदानात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो इंजेक्शन देऊन 'आता बरं वाटतंय ना, या' म्हणण्याने. आणि मधेच दोन-तीन दिवसांचं अँटिबायोटिक दिल्याने. त्याने ताप आणि पेशी दबतात, आतलं काम चालूच राहतं.

माझा आक्षेप दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसावर आहे. खडा दिसला नव्हता. दुखणं येऊनजाऊन न राहता सलग झालं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. जेवण तुटलं होतं. अशा वेळी त्याला परत टेबलावर घेऊन पोटाला हात लावायला हवा होता, आणि पेशी पुन्हा मोजायला हव्या होत्या. निदान नक्की नसलेल्या पोटाला मी सहा ते बारा तासांनी पुन्हा तपासतो, शक्यतो स्वतःच, कारण सकाळचं पोट माझ्या बोटांना आठवत असतं. रात्रीच्या पाळीत दुसरा डॉक्टर आला की ती आठवण तुटते. गाव लांब असेल तर दाखलच करून घेतो. 'फुकट एक रात्र ठेवलं' हे बोलणं मी पुष्कळदा ऐकून घेतलं आहे. तुमच्या बाजूनेही एक गोष्ट झाली. चौथ्या दिवशी दुपारी दुखणं एकदम कमी झालं म्हणून तुम्ही फेरतपासणीला गेला नाहीत. ताणलेलं अपेंडिक्स फुटलं की ताण जातो आणि काही तास हलकं वाटतं. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते सांगणं उपचार करणाऱ्याचं काम होतं, केसपेपरवर एक ओळ लिहून.

आता पुढचं. भावाला घरी आणलं असेल तर पुढचे पंधरा दिवस ताप मोजत राहा. पुन्हा ताप चढला, आव पडल्यासारखं होऊ लागलं, सारखं शौचाला लागलं, तर ते 'बाहेरचं खाल्ल्याने' झालं असं समजू नका. ओटीपोटात पू साचल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवलं होतं का, हे विचारून त्याचा कागद ताब्यात घ्या. क्वचित त्यात क्षय निघतो, क्वचित छोटी गाठ, आणि तो रिपोर्ट बऱ्याचदा टाके काढल्यानंतर येऊन लॅबच्या टेबलावर पडून राहतो.